कारखान्यात नवीन लागलात? कंपनीच्या मेलला उत्तर असं द्या

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करून चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज अशा पट्ट्यात ट्रेनी म्हणून लागलेल्या मुलामुलींना मशिन शिकवायला कोणी ना कोणी भेटतं. मेलला उत्तर कसं द्यायचं हे मात्र कोणी शिकवत नाही. आयटीवाला लॉगिन देऊन जातो, इनबॉक्स भरायला लागतो, आणि एक दिवस प्रॉडक्शन मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कोणीतरी विचारतं, "मेल टाकला होता ना, तुझा रिप्लाय कुठाय?" काम झालेलं असतं, पण उत्तर गेलेलं नसतं. मग झालेलं कामही न झाल्यासारखंच धरलं जातं.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्लॅनिंगमध्ये आहे. स्टोअर, क्वालिटी, परचेस, अकाउंट्स आणि हेड ऑफिस या सगळ्यांचे मेल आमच्याकडूनच जातात-येतात. शेजारच्या खुर्चीवर नवा ट्रेनी बसला की त्याला जे सांगतो, तेच इथे लिहिलं आहे. कसोटी एकच: तुमचं उत्तर वाचल्यावर समोरच्याला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागता कामा नये. खालचं सगळं त्यासाठीच आहे. आयटी कंपनीत किंवा बँकेत असाल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील, फक्त शॉपफ्लोअरची उदाहरणं सोडून द्या.

आधी हे हाताशी ठेवा

- तुमच्या प्लांटमधल्या खात्यांची आणि माणसांची यादी: कोण कोणाला रिपोर्ट करतं, कशासाठी कोणाला विचारायचं. एचआरकडे ऑर्ग चार्ट असतो, नसेल तर सिनिअरसोबत बसून वहीत काढून घ्या.
- मेल ग्रुपची यादी. कुठल्या ग्रुपमध्ये किती माणसं आहेत हे पाठवण्याआधी माहीत असलं पाहिजे.
- सही: नाव, खातं, प्लांट, एक्स्टेंशन किंवा कंपनीचा मोबाइल. सुविचार आणि फुलांची चित्रं नकोत.
- ईआरपीचं, म्हणजे कंपनीचा स्टॉक आणि खरेदी जिथे नोंदवतात त्या सॉफ्टवेअरचं, लॉगिन. स्टॉकचा आकडा तोंडी ऐकून लिहायचा नसतो.
- एक साधी वही. कोणाला काय कधीपर्यंत देतो म्हणालात, ते तिथे उतरवा. आउटलुकमध्ये फ्लॅग लावता येतो, पण फ्लॅग शंभर झाले की त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

१. आधी बघा, तुम्ही 'टू'मध्ये आहात की 'सीसी'मध्ये

'टू'मध्ये नाव असेल तर तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. 'सीसी'मध्ये असेल तर तुम्हाला फक्त माहीत असावं एवढाच हेतू असतो, आणि उत्तर देण्याची जबाबदारी 'टू'मधल्या माणसाची. नवीन मुलं उत्साहात 'सीसी'मधून उत्तर देतात, आणि ज्याला विचारलं होतं त्याला मध्येच तोंडघशी पाडतात. तुमच्याकडे खरंच कामाची माहिती असेल तर ती आधी त्या माणसाला फोनवर सांगा.

'टू'मध्ये पाच-सहा नावं असतील तर घोळ होतो. प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल, आणि संध्याकाळपर्यंत कोणीच देत नाही. अशा वेळी एका ओळीत लिहा: "मुद्दा २ माझ्याकडून येईल, मुद्दा १ आणि ३ टूल रूम." आपला वाटा उचललात आणि उरलेला कोणाचा हेही सांगितलंत.

'बीसीसी'मध्ये असाल, म्हणजे बाकीच्यांना तुमचं नाव दिसत नसेल, तर 'रिप्लाय ऑल' चुकूनही करू नका. पाठवणाऱ्याने तुम्हाला गुपचूप ठेवलं होतं हे सगळ्यांना कळतं.

२. ट्रेल खालून वर वाचा

"ट्रेल मेल बघ" हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. ट्रेल म्हणजे एकाखाली एक साठलेली उत्तरांची साखळी. साहेबांचा मेल एका ओळीचा असतो, "प्लीज डू द नीडफुल", आणि खरा विषय खाली आठ उत्तरांच्या मागे दडलेला असतो. सगळ्यात खालच्या मेलपासून सुरुवात करा. मूळ प्रश्न काय होता, मध्ये कोणी काय कबूल केलं, कुठली तारीख आधीच हुकली आहे, हे तीन धागे हाती आले की मगच उत्तराकडे वळा.

वाचताना एक गोष्ट नक्की तपासा: ट्रेलमध्ये बाहेरचा कोणी आहे का? कस्टमरचा किंवा सप्लायरचा माणूस साखळीत असेल तर ते आता घरातलं बोलणं राहिलेलं नाही. "आपल्याकडेच चूक आहे असं वाटतं" हे क्वालिटीला लिहिताना कस्टमरचा पत्ता 'सीसी'त राहून गेला, तर त्या वाक्याची किंमत डेबिट नोटच्या, म्हणजे कस्टमरने आपल्या बिलातून कापलेल्या पैशांच्या, रूपात मोजावी लागते. उलट बाजूही लक्षात घ्या. आतल्या दराच्या चर्चेचा ट्रेल सप्लायरला फॉरवर्ड करायचा नसतो. त्याच्यासाठी नवा मेल लिहा.

३. लगेच जमत नसेल तर पोच द्या, पण तारखेसकट

माझं ठाम मत आहे की परवा येणाऱ्या पूर्ण उत्तरापेक्षा आज आलेलं अर्धं उत्तर जास्त कामाचं. अट एवढीच की उरलेलं अर्धं कधी येणार तेही त्यात लिहिलेलं हवं. "नोटेड" किंवा "चेक करून कळवतो" ही पोच नव्हे. "मेल मिळाला. स्टॉक मोजायला घेतलाय, आकडा आज दुपारी ३ पर्यंत देतो." ही पोच.

वेळ लिहिताना आपल्या पट्ट्यातले दोन खास खड्डे आहेत. पहिला, 'ईओडी', म्हणजे 'एंड ऑफ डे', दिवसअखेर. ऑफिसात दिवस साडेपाचला संपतो, पण तीन शिफ्टच्या कारखान्यात दिवस कधी संपतो? सेकंड शिफ्टचा सुपरवायझर रात्री अकरा धरतो, नाईटवाला सकाळचे सात. हेड ऑफिसची मॅडम मात्र सहाला इनबॉक्स उघडून बसलेली असते. म्हणून घड्याळाची वेळ लिहा. दुसरा खड्डा साप्ताहिक सुट्टीचा. पिंपरी-भोसरी भागात अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात आणि रविवारी चालू. मुंबईच्या ऑफिसने "गुरुवारपर्यंत पाठवा" म्हटलं की त्यांच्यासाठी तो भर कामाचा दिवस, तुमच्यासाठी सुट्टी. अशी तारीख आली की लगेच लिहा: "गुरुवारी प्लांट बंद आहे, बुधवारी ४ वाजेपर्यंत देतो." तारीख आणि वार दोन्ही लिहा. 'नेक्स्ट वीक', 'एक-दोन दिवसांत', 'लवकरात लवकर' हे शब्द उत्तरातून काढून टाका.

४. जेवढे प्रश्न, तेवढी उत्तरं

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. समजा, शनिवारी सकाळी क्वालिटीकडून असा मेल आला (आकडे उदाहरणासाठी):

"ब्रॅकेटच्या चालू लॉटमध्ये होल ओव्हरसाइज सापडला आहे. एकूण स्टॉक किती? माल वेगळा केला का? सोमवारच्या डिस्पॅचचं काय? करेक्टिव्ह अॅक्शन कोणाकडून?"

नव्या मुलाचं उत्तर साधारण असं असतं: "सर, स्टोअरला सांगितलं आहे, माल होल्ड केला आहे, बाकी अपडेट देतो." यात खोटं काही नाही. पण चार प्रश्नांपैकी एकाला अर्धं उत्तर मिळालं आणि आकडा एकही नाही. क्वालिटीवाला आता फोन करणार, तुम्ही शॉपवर असणार, आणि तासाभरात त्याच विषयाचा दुसरा मेल तुमच्या साहेबांना 'सीसी' ठेवून येणार.

हेच उत्तर असं लिहा:

"१) स्टॉक, आज सकाळी १० वाजता मोजलेला: स्टोअर ८४०, लाईन १२०, गाडीत ३००. एकूण १२६०.
२) स्टोअरचे ८४० वेगळे करून लाल टॅग लावला. लाईनवरचे १२० वेगळे करणं चालू, दुपारी २ पर्यंत पूर्ण.
३) सोमवारचं डिस्पॅच ५०० चं आहे. आधीच्या लॉटचे ५२० शिल्लक आहेत, ते वरच्या मोजणीत धरलेले नाहीत. तुम्ही तपासून ओके दिलंत तर तेच पाठवू.
४) मेंटेनन्स आज ड्रिलिंग स्पिंडलचा रनआउट मोजणार आहे. रिपोर्ट सोमवारी दुपारी १२ पर्यंत, जबाबदारी मेंटेनन्स शिफ्ट इंजिनीअरची.
तुमचा निर्णय हवा: गाडीतले ३०० परत बोलवायचे की कस्टमरकडे सॉर्टिंग करायचं? गाडी १ वाजता पोहोचेल, त्याआधी कळवा."

विचारणाऱ्याने ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने उत्तर दिलं आहे. आकड्यासोबत तो कधीचा हे लिहिलं आहे, कारण स्टॉक तासातासाला बदलतो. कुठला माल मोजणीत आहे आणि कुठला नाही, हेही सांगितलं आहे. जे झालं ते आणि जे चालू आहे ते वेगळं ठेवलं आहे. 'झालं' हा शब्द फक्त झालेल्यासाठीच. शेवटी, समोरच्याकडून काय हवं आणि कधीपर्यंत, ते वेगळ्या ओळीत आहे. तीच ओळ चौथ्या मुद्द्याच्या पोटात दडवली असती तर कोणी वाचली नसती आणि गाडी कस्टमरच्या गेटवर उभी राहिली असती.

या शिस्तीमागे आणखी एक कारण आहे. वाहन उद्योगात तक्रारीचं उत्तर बहुधा ८डी या आठ पायऱ्यांच्या साच्यात द्यावं लागतं. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात आणली. त्यातली तिसरी पायरी तात्पुरत्या बंदोबस्ताची: सदोष माल कुठे कुठे आहे आणि तो कसा अडवला. तुमच्या मेलमधले हेच आकडे क्वालिटीवाला उचलून त्या रिपोर्टात टाकतो. तिथून ते कस्टमरकडे जातात आणि वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्ये ऑडिटरसमोर येतात. सकाळी घाईत अंदाजाने लिहिलेला '८००' सहा महिन्यांनी तुमच्या नावासकट निघू शकतो.

माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहायला लाजू नका, पण त्याच ओळीत कोणाला माहीत आहे ते लिहून त्याला 'टू'मध्ये घ्या. फोन करून सांगा की तुला लूपमध्ये घेतोय. न सांगता एखाद्याचं नाव 'टू'त टाकलं की त्याला वाटतं तुम्ही काम त्याच्या गळ्यात मारलं.

५. इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्यांचं उत्तर अनेकदा यामुळेच अडतं. माहिती तयार असते, वाक्य जमत नाही म्हणून मेल ड्राफ्टमध्ये पडून राहतो. वरचं उदाहरण पुन्हा बघा. त्यात आकडे, वेळा आणि खात्यांची नावं सोडली तर फारसं काही उरत नाही. 'स्टॉक ॲट १० एएम: स्टोअर ८४०, लाईन १२०, ट्रक ३००' एवढं इंग्रजी तुम्हाला येतं. छोटी वाक्यं, मुद्द्यांना आकडे, एका ओळीत एकच गोष्ट. 'काइंडली', 'हम्बली', 'रिस्पेक्टेड सर' वगैरेंची रास लावल्याने इंग्रजी सुधारत नाही, मेल तेवढा लांबतो. आतल्या लोकांना मराठीत लिहिलेलं चालत असेल तर बिनधास्त मराठीत लिहा, पण ट्रेल पुढे चेन्नईला किंवा जर्मनीला जाणार असेल तर इंग्रजी बरं.

मेल नीट करून घेण्यासाठी इंटरनेटवरच्या भाषांतराच्या किंवा एआयच्या फुकट साधनात कंपनीचा मजकूर चिकटवायची सवय हल्ली दिसते. पार्ट नंबर, कस्टमरचं नाव, दर, ड्रॉइंग यातलं काहीही बाहेरच्या साधनात टाकायला बहुतेक कंपन्यांत मनाई असते. कंपनीने स्वतः एखादं साधन दिलं असेल तर तेच वापरा. काय चालतं ते आयटीला एकदा विचारून घ्या.

६. 'रिप्लाय ऑल' दाबण्याआधी

रोजच्या कामाच्या ट्रेलमध्ये 'रिप्लाय ऑल' बरोबरच आहे. तिथे फक्त 'रिप्लाय' केलं तर बाकीच्यांना उत्तर पोचत नाही आणि तुम्ही गप्प बसलात असा समज होतो. पंचाईत होते ती मोठ्या ग्रुपच्या मेलवर. कोणाचं प्रमोशन जाहीर झालं की 'काँग्रॅच्युलेशन्स'चा पूर येतो, आणि त्याच पुरात पंपाच्या ब्रेकडाउनचा मेल वाहून जातो. अभिनंदन त्या माणसाला एकट्याला करा. त्याला ते जास्त आवडतं.

मोठ्या संस्थाही यात अडकल्या आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणी मेल चुकून आठ लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांना गेला. मग "मला का पाठवलं?", "मला यादीतून काढा", "कृपया रिप्लाय ऑल करू नका" अशी उत्तरं लोकांनी 'रिप्लाय ऑल' करूनच दिली आणि यंत्रणा रखडली. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये यावर बांध घालणारी सोय आणली. सुरुवातीची मर्यादा अशी होती: पाच हजारांहून जास्त लोकांच्या साखळीत तासाभरात दहा 'रिप्लाय ऑल' झाले की पुढची उत्तरं चार तास अडवायची. तुमच्या प्लांटच्या चारशे लोकांच्या ग्रुपला असा बांध नसतो. चुकीचा मेल आला तर काहीच उत्तर देऊ नका, तो आपोआप थंड होतो.

पाठवून झाल्यावर चूक दिसली तर? जीमेलमध्ये 'अनडू सेंड'ची मुदत सेटिंगमध्ये जाऊन जास्तीत जास्त ३० सेकंद करता येते. ती आजच करून टाका. डेस्कटॉपच्या जुन्या आउटलुकमध्ये रूल लावून प्रत्येक मेल दोन-चार मिनिटं उशिरा जाईल अशी सोय होते. आउटलुकच्या 'रिकॉल'वर मात्र फार विसंबू नका. ते आपल्याच कंपनीतल्या पत्त्यांपुरतं चालतं, आणि तोवर मोबाइलवरच्या नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोन ओळी वाचून झालेल्या असतात. त्यापेक्षा "वरच्या मेलमध्ये १२० च्या जागी १०२ वाचा" असा दुरुस्तीचा मेल त्याच ट्रेलवर टाका.

७. 'कन्फर्म्ड', 'अप्रूव्ड', 'ओके' हे शब्द जपून

ट्रेनीच्या 'ओके'ला काय किंमत, असं वाटत असेल तर हे वाचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता आहे. बॉक्साइटच्या पुरवठ्यावरून ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांत ॲल्युमिनियम यांच्यात वाद झाला. रीतसर करारावर सह्या झालेल्या नव्हत्या, पण ई-मेलवर पाच जहाजांचा सौदा पक्का असल्याचं कळवलं गेलं होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मेलच्या देवाणघेवाणीवरून करार झाला असं धरलं. तो व्यवहार दोन कंपन्यांमधला होता, पण तुमच्या आतल्या 'अप्रूव्ड'वर परचेसवाला पीओ (खरेदीची ऑर्डर) काढतो आणि मग बाहेरचा व्यवहार उभा राहतो.

म्हणून मंजुरी मागणारा मेल आला तर आधी बघा की मंजुरी देण्याचा अधिकार तुमचा आहे का. नसेल तर लिहा: "माझ्या बाजूने तपासलं, मात्रा बरोबर आहे. मंजुरी प्लांट हेडकडून घ्यावी." तपासणं आणि मंजूर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेलमध्ये त्या वेगळ्याच दिसायला हव्यात. अधिकार असेल तर कशाला ओके आहे ते लिहा: किती नग, कुठला दर, कोणत्या तारखेपर्यंत. नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळं होऊ नका.

तोंडी मिळालेल्या परवानगीचंही तसंच. साहेब गेम्बा वॉकमध्ये (शॉपफ्लोअरच्या फेरीत) "पाठव रे" म्हणून पुढे गेले, तर जागेवर परतल्यावर दोन ओळी टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे ५०० नग डेव्हिएशनवर पाठवत आहे. काही बदल असल्यास ४ पर्यंत कळवावे." (डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्यापेक्षा फरक असलेला माल खास परवानगीने पाठवणं.) यात कोणाला राग येत नाही. आलाच, तर मेल टाकलात ते बरंच झालं असं समजा.

८. जाब विचारणारा मेल

"हे का झालं नाही?" असा मेल, वर चार साहेब 'सीसी'मध्ये. उत्तर ड्राफ्टमध्ये लिहा, 'टू'चा रकाना रिकामा ठेवा आणि चहा पिऊन या. लिहिताना आधी आजची स्थिती, मग काय घडलं ते तारखांसह, मग पुढे काय करणार. दुसऱ्या खात्याची चूक असेल तर वस्तुस्थिती लिहा, विशेषणं नकोत. "१२ तारखेला मागणी दिली, १९ ला माल आला" एवढं पुरेसं असतं. "परचेस नेहमीच उशीर करतं" हे वाक्य जिंकून देत नाही, उलट परचेसवाले तुमचा पुढचा मेल शेवटी उघडतात. दोनदा उलटसुलट उत्तरं झाली की मेल थांबवून उठा आणि त्याच्या टेबलापाशी जा. बोलणं झालं की काय ठरलं ते त्याच ट्रेलवर लिहा.

कारणे दाखवा नोटीस किंवा चौकशीचा मेल मात्र वेगळा. तिथे मुदत लिहिलेली असते, ती आधी बघा. कागद गोळा करायला वेळ हवा असेल तर मुदतवाढ लेखी मागा. ज्या आरोपाची माहिती नाही त्यावर घाईत 'सॉरी' लिहून देऊ नका. उत्तर पाठवण्याआधी युनियनच्या प्रतिनिधीला किंवा जाणकार माणसाला दाखवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीचा मेल अंतर्गत समितीकडून आला असेल, तर २०१३ च्या नियमांप्रमाणे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रार, नावं आणि चौकशी यांची गुप्तता कायद्यानेच बंधनकारक आहे. साक्षीदार म्हणून बोलावलं असलं तरी तो मेल कोणालाही फॉरवर्ड करायचा नाही.

९. एचआर आणि अकाउंट्सचे कंटाळवाणे मेल

हे मेल लोक न वाचता सोडतात आणि नंतर पगारातून पैसे कापले गेले की धावतात. एप्रिलच्या सुमाराला करप्रणाली निवडण्याचा मेल येतो. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होणारी आहे. तुम्ही उत्तर दिलं नाही, तर नवी धरूनच टीडीएस कापला जातो. जुनी हवी असेल तर मेलमध्ये दिलेल्या पोर्टलवर तसं कळवायला हवं. राहून गेलं तर मुदतीत रिटर्न भरताना पगारदाराला जुनी निवडता येते, पण मधले महिने तुमचे पैसे सरकारकडे अडकतात. वर्षअखेरीला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, पुरावे मागणारा मेल येतो. जुन्या प्रणालीत घरभाड्याची सूट घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर घरमालकाचा पॅन लागतो. घरमालक तो शेवटच्या दिवशी हमखास देत नाही, तेव्हा दिवाळीतच मागून ठेवा.

ट्रेनिंगच्या नॉमिनेशनला 'येतो' किंवा 'शिफ्टमुळे जमणार नाही, पुढच्या बॅचला टाका' असं एका ओळीत कळवा. जेवणाचं कूपन, बसचा रूट, टी-शर्टचा साइज यांचे मेल आले की तिथल्या तिथे उरकून टाका.

१०. मेल खरंच आतलाच आहे का?

आतला मेल आहे असं भासवणारे फसवे मेल वाढले आहेत. पाठवणाऱ्याचं नाव एमडींचं असतं, पत्ता बाहेरचा. नावावर कर्सर नेऊन पूर्ण पत्ता बघा. इंग्रजी छोटा 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवले की 'एम' दिसतो, असे डोमेन मुद्दाम घेतलेले असतात. मेलच्या माथ्यावर 'एक्स्टर्नल'ची पट्टी असेल आणि आत "मी मीटिंगमध्ये आहे, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव" असं असेल, तर उत्तरच देऊ नका. 'रिपोर्ट फिशिंग'चं बटण दाबा किंवा आयटीला फोन करा. काही कंपन्या परीक्षा घ्यायला स्वतःच असे मेल पाठवतात. लिंक दाबली की ट्रेनिंगला बसावं लागतं.

अकाउंट्समध्ये असाल तर एक मेल विशेष घातक: "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा." मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. व्हेंडर मास्टरमधल्या, म्हणजे कंपनीच्या सप्लायर यादीतल्या, जुन्या नंबरवर करून खात्री करा. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

११. रजेवर जाताना, नोकरी सोडताना

रजेचं ऑटो रिप्लाय लावताना परतण्याची तारीख आणि तुमच्या जागी कोण, हे लिहा. त्या माणसाला आधी विचारा. गणपतीत अर्धा प्लांट कोकणात असतो, आणि तुमच्या ऑटो रिप्लायमध्ये नाव असलेला माणूसही रत्नागिरीला असल्याचं मग कळतं.

नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी मेल आयडी बंद होतो, बऱ्याचदा दुपारीच. त्याआधी सॅलरी स्लिप, फॉर्म १६, ऑफर लेटर, राजीनामा स्वीकारल्याचं पत्र हे तुमचे स्वतःचे कागद एचआरला सांगून खासगी मेलवर मागवून घ्या. फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब) आणि पीएफसाठी एचआरकडे खासगी पत्ता आणि मोबाइल नोंदवा. ड्रॉइंग, दरपत्रकं, कस्टमरचे मेल स्वतःला फॉरवर्ड करू नका. आयटीकडे त्याची नोंद राहते आणि त्यावरून फुल अँड फायनल अडकलेलं मी पाहिलं आहे. तुमच्याकडे अडकलेले ट्रेल एका यादीत काढा: विषय, कोणाला उत्तर द्यायचं आहे, कधीपर्यंत. ती यादी तुमच्या जागी येणाऱ्याला पाठवा आणि साहेबांना 'सीसी'त ठेवा.